डोक्याला मार, सीटी जवळपास नॉर्मल, पण पेशंट शुद्धीवर नाही: ब्रेनस्टेमची इजा लवकर कशी शोधायची

ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडे रात्रीचे डोक्याचे सीटी वाढतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशी उसाची ट्रॉली अंधारात दिसत नाही. मोटारसायकल मागून तिच्यात घुसते आणि हेल्मेट घरी खुंटीला असतं. सातारा-कऱ्हाड पट्ट्यात महामार्गालगत रेडिओलॉजी करणाऱ्या कुणालाही यात नवीन काही नाही. यातल्या बऱ्याच जणांचा सीटी बघताक्षणी कळतो: एक्स्ट्राड्यूरल, सबड्यूरल (मेंदूच्या आवरणाबाहेर किंवा आवरणाखाली साठलेलं रक्त), कंट्यूजन (मेंदूला बसलेला मुका मार). सर्जनला फोन जातो आणि थिएटर उघडतं.

अडचण होते ती वेगळ्याच पेशंटची. जीसीएस (शुद्धीचा ३ ते १५ मधला गुण; जितका कमी तितकी खोल बेशुद्धी) ५, आणि सीटीवर सांगण्यासारखं फारसं काही नाही. रात्री दोन वाजता "मोठी इजा नाही" असं लिहून पुढचा स्कॅन उघडावासा वाटतो. मी हे लिहितेय ते कॅज्युअल्टीत एकट्याने उभ्या असलेल्या मेडिकल ऑफिसरसाठी, रेसिडेंटसाठी आणि कन्सोलवरच्या टेक्निशियनसाठी. माझं म्हणणं एवढंच आहे की असा सीटी म्हणजे तपासाचा शेवट नव्हे. बेशुद्धीचं कारण सापडेपर्यंत ब्रेनस्टेम (मेंदूचा खालचा देठ) हा पहिला संशयित.

आपण नेमकं काय शोधतोय

मिडब्रेन, पॉन्स आणि मेड्युला मिळून ब्रेनस्टेम. लांबी जेमतेम सात-आठ सेंटीमीटर. माणसाला जागं ठेवणारी यंत्रणा, श्वासाची केंद्रं, डोळे हलवणाऱ्या नसांची मुळं आणि हातापायांकडे जाणारे सगळे मार्ग एवढ्याशा जागेत दाटीने बसलेले. फ्रंटल लोबमध्ये तीन मिलिमीटरचा डाग असला तर पेशंट बोलत असू शकतो. तेवढाच डाग मिडब्रेनमध्ये पडला तर तो व्हेंटिलेटरवर असू शकतो.

इजा दोन तऱ्हेची असते आणि हा फरक डोक्यात पक्का हवा. पहिली धक्क्याच्या क्षणी होते. डोकं गरकन फिरतं, ॲक्झॉन (मेंदूतले चेतातंतू) ताणले जातात आणि तुटतात. ग्लासगोच्या ॲडम्स आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये या डिफ्यूज ॲक्झोनल इंज्युरीच्या तीन ग्रेड मांडल्या: पहिलीत लोबांमधला पांढरा भाग, दुसरीत त्याच्या जोडीला कॉर्पस कॅलोझम (मेंदूचे दोन अर्धे जोडणारा पट्टा), तिसरीत ब्रेनस्टेमही. ब्रेनस्टेममधली आवडती जागा म्हणजे मिडब्रेनचा मागचा-बाहेरचा कोपरा आणि त्याला लागून असलेला सुपीरियर सेरेबेलर पेडंकल (लहान मेंदूला जोडणारा दांडा). कधी मिडब्रेन टेंटोरियमच्या (मोठा आणि लहान मेंदू यांमधला पडदा) धारेवर आपटून थेट कंट्यूजन होतं. मान फार जोरात मागे गेली तर पॉन्स आणि मेड्युला जिथे मिळतात तिथेच फाटतं. असे रुग्ण बहुतेक वेळा स्कॅनपर्यंत पोहोचतच नाहीत.

दुसरी इजा नंतर होते. वर रक्त साठतं किंवा सूज येते, टेम्पोरल लोबचा आतला भाग टेंटोरियमच्या फटीतून खाली उतरतो, ब्रेनस्टेम दाबला जातो आणि खाली ढकलला जातो. बेसिलर आर्टरीच्या बारीक शाखा ताणल्या जाऊन फाटतात. हेच ड्युरे हॅमरेज. ऑन्री ड्युरे या फ्रेंच डॉक्टरांनी १८७८ मध्ये त्याचं वर्णन केलं. हे रक्त मध्यरेषेवर किंवा तिच्या अगदी जवळ आणि पुढच्या बाजूला दिसतं.

पहिल्या इजेवर शस्त्रक्रिया नाही. दुसरी मात्र टाळता येते, पण हातात मिनिटं असतात. म्हणून "लवकर निदान" म्हणताना मला दोन वेगळ्या गोष्टी म्हणायच्या असतात: दाब सुरू झालाय हे रक्त फुटायच्या आधी सांगणं, आणि धक्क्याची इजा असेल तर ती ओळखून बेशुद्धीचं खरं कारण लिहिणं.

फॉर्मवर काय हवं

"आरटीए, सीटी ब्रेन" (रस्ता अपघात, मेंदूचा सीटी) एवढंच लिहिलेला फॉर्म मी परत पाठवते. टेक्निशियन वैतागतात, चालतं. पेशंट टेबलावर घेणं थांबवत नाही, फक्त फोन करून माहिती मागते. मला हवं असतं: अपघाताची वेळ, श्वासाची नळी घालण्याआधीचा जीसीएस, दोन्ही बाहुल्यांचा आकार आणि प्रकाशाला प्रतिसाद, हातपाय कसे हलतात, कोणतं सिडेशन कधी दिलं. मिडाझोलाम (गुंगीचं औषध) आणि व्हेक्युरोनियम (स्नायू सैल करणारं) दिल्यावरचा जीसीएस मला काही सांगत नाही.

ब्रेनस्टेमकडे बोट दाखवणाऱ्या खुणा ठरलेल्या आहेत. दुखवल्यावर हात ताठ होऊन आत वळणं, एका बाजूची बाहुली मोठी आणि स्थिर, दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशेला, अनियमित श्वास, मध्येच घाम, ताप, नाडी आणि बीपी एकदम चढणं. नळी असलेल्या पेशंटमध्ये जीसीएसचा बोलण्याचा भाग निकामी होतो. तिथे २००५ मध्ये आलेला फोर स्कोअर बरा, कारण त्यात बाहुल्या, कॉर्निया, खोकला आणि श्वास यांची वेगळी नोंद होते.

एक गोष्ट आमच्या भागातली. टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या दिसल्या की पॉन्स आठवतो, पण रस्त्याकडेला पडलेला शेतकरी फवारणीच्या औषधानेही तसाच दिसतो. तोंडाला फेस, घाम, मंद नाडी, कपड्यांना वास. अपघात आणि ऑर्गॅनोफॉस्फेट दोन्ही एकाच माणसात असू शकतात. साखर बघा, वास घ्या, मग स्कॅनरकडे या. यात दोन मिनिटंही जात नाहीत.

सीटी: आधी तांत्रिक बाजू

पहिली तपासणी सीटीच, याबद्दल वाद नाही. काही सेकंदांत होते, व्हेंटिलेटरसह होते, आणि तातडीने उघडावं लागणारं रक्त सांगते. पण ब्रेनस्टेमच्या बाबतीत सीटी कच्चा आहे. दोन्ही बाजूंच्या पेट्रस (कानाजवळच्या) हाडांच्या मधोमध पॉन्स असतो आणि एक्स-रे त्या जाड हाडांतून जाताना त्यावर काळे पट्टे पडतात. त्यात बारीक डाग हरवतो, नाहीतर नसलेला डाग दिसतो.

टेक्निशियनसाठी: पाच मिलिमीटरच्या जाड कापांवर थांबू नका. एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप तयार करा आणि सॅजिटल (बाजूने), कोरोनल (समोरून) दोन्ही द्या. डोकं सरळ ठेवा. तिरप्या डोक्यात एका बाजूचा सिस्टर्न (मेंदूभोवतीची पाण्याची जागा) खोटाच अरुंद दिसतो. मानेचा सीटी त्याच खेपेला करा, पेशंट पुन्हा हलवायला लागू नये. पेशंट हलला आणि पॉन्सजवळ प्रतिमा विस्कटली तर तेवढा भाग पुन्हा घ्या, "चालेल" म्हणू नका.

वाचणाऱ्यासाठी: नेहमीची ८०/४० विंडो (राखाडी छटांची रुंदी/मध्य) झाली की ब्रेनस्टेमसाठी ती ४०/४० पर्यंत अरुंद करा. पट्टा खरा की खोटा हे ठरवायला सॅजिटल बघा. खोटा पट्टा एका पेट्रसपासून दुसऱ्यापर्यंत सरळ जातो आणि हाडांची पातळी संपली की तोही संपतो. खरा डाग ब्रेनस्टेमच्या हद्दीत राहतो आणि लागोपाठच्या कापांत, तिन्ही दिशांना, जागच्या जागी दिसतो.

सीटी: खालून वर

मी डोक्याचा सीटी खालून वर वाचते. वरून सुरुवात केली की मोठा सबड्यूरल समोर येतो आणि डोळे तिथेच अडकतात. फोरामेन मॅग्नम (कवटीच्या तळाचं मोठं छिद्र), मेड्युला, चौथं व्हेंट्रिकल (मेंदूतली पाण्याची पोकळी), पॉन्स, त्याच्या पुढचा सिस्टर्न, मग पेडंकलांमधला इंटरपेडंक्युलर सिस्टर्न, बाजूचे ॲम्बिएंट, मागचा क्वाड्रिजेमिनल. एवढं झालं की मग बाकीचा मेंदू.

ब्रेनस्टेमपेक्षा त्याच्याभोवतीचं पाणी जास्त बोलतं. क्वाड्रिजेमिनल सिस्टर्न नीट उघडा असला की हसऱ्या तोंडासारखा दिसतो. तो सपाट झाला, एका बाजूने पुसला गेला, की दाब सुरू आहे. सुप्रासेलर सिस्टर्नचे कोपरे मोजा. एका बाजूचा कोपरा भरून आला तर अनकस (टेम्पोरल लोबचा आतला कोपरा) आत सरकतोय.

आता एक फसवी गोष्ट, जी परीक्षेत विचारतात आणि ड्यूटीवर विसरतात. सुरुवातीला ज्या बाजूला रक्त आहे त्याच बाजूचा ॲम्बिएंट सिस्टर्न रुंद होतो, कारण ब्रेनस्टेम पलीकडे ढकलला जातो. अरुंद होतो तो समोरच्या बाजूचा. रुंद सिस्टर्न बघून निर्धास्त व्हायचं नाही. समोरच्या बाजूचं टेम्पोरल हॉर्न (व्हेंट्रिकलचा टेम्पोरल लोबमधला फाटा) फुगलेलं दिसलं तर संशय बळावतो.

हाच समोरचा दाब कधी क्लिनिकल घोटाळा करतो. पलीकडचा पेडंकल टेंटोरियमच्या धारेवर घासला जातो आणि रक्त ज्या बाजूला त्याच बाजूचे हातपाय लुळे पडतात. केर्नोहन आणि वोल्टमन यांनी १९२९ मध्ये हे मांडलं. हातापायांवरून बाजू ठरवून कवटी उघडायची वेळ आता सीटीमुळे येत नाही, पण फॉर्मवरची बाजू आणि स्कॅनवरची बाजू जुळत नसेल तर लेबल चुकलंय असं धरण्याआधी हे आठवा.

रक्त कुठे आहे ते बारकाईने बघा. मिडब्रेनच्या मागच्या-बाहेरच्या कोपऱ्यात, पहिल्याच सीटीवर, वर मोठा दाब नसताना: बहुधा धक्क्याची इजा. मध्यरेषेवर, पुढे, वर मोठं रक्त किंवा सूज, आणि आधीच्या सीटीवर नसलेलं: ड्युरे. दाब काढल्यावरच्या सीटीतही ड्युरे पहिल्यांदा दिसू शकतं. क्रेनिएक्टमी (कवटीचा तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया) नीट झाली तरी पेशंट जागा होत नसेल तर हे डोक्यात हवं.

ब्रेनस्टेम स्वच्छ दिसत असेल तर शेजाऱ्यांकडे बघा. इंटरपेडंक्युलर सिस्टर्नमधली पातळशी रक्ताची रेघ, व्हेंट्रिकलमधलं थोडं रक्त, कॉर्पस कॅलोझमच्या मागच्या टोकातला ठिपका, मध्यरेषेजवळचं सबॲरॅक्नॉइड रक्त. जीसीएस कमी आणि यातलं एखादं जरी दिसलं तरी मी रिपोर्टमध्ये खोल ॲक्झोनल इजेची शक्यता लिहिते आणि एमआरआय सुचवते. या बारीक खुणा सीटी वाचण्याचा सगळ्यात मोलाचा भाग आहेत, आणि घाईत पहिल्यांदा सुटतात त्याही ह्याच.

उलट बाजूने, सिस्टर्न पांढरे दिसले म्हणजे रक्तच असं नाही. मेंदू सुजून काळवंडला की त्याच्या शेजारचे सिस्टर्न तुलनेने पांढरे वाटतात. आकडा मोजा. ताजं रक्त साधारण ५० ते ७० हाउन्सफील्ड (सीटीवरच्या घनतेचं एकक). सुजेमुळे वाटणारा खोटा पांढरेपणा ३० ते ४०च्या आसपास राहतो.

सीटीवरून इजेची तीव्रता ठरवणारी मार्शल वर्गवारी १९९१ची, रॉटरडॅम स्कोअर २००५चा. दोन्हीत बेसल सिस्टर्नला मोठा मान आहे. मार्शलमध्ये सिस्टर्न दबले किंवा नाहीसे झाले आणि मध्यरेषा ५ मिलिमीटरपर्यंतच सरकली असेल तर डिफ्यूज इंज्युरी तीन. ५ च्या पुढे गेली की चार. स्कोअर लिहायचा तर लिहा, पण सिस्टर्न "उघडे", "दबलेले" की "नाहीसे" हे शब्दांत लिहाच. फोनवर सर्जनला तेवढंच ऐकायचं असतं.

पुन्हा सीटी कधी? बाहुली बदलली किंवा जीसीएस दोनने घसरला तर लगेच, घड्याळ न बघता. स्थिर बेशुद्ध पेशंटमध्ये आम्ही साधारण सहा तासांनी करतो.

मान आणि रक्तवाहिन्या

इथे थोडक्यात. कवटीच्या तळाचं फ्रॅक्चर, क्लायव्हसमधून (ब्रेनस्टेमच्या पुढचं तळाचं हाड) जाणारी चीर, पहिल्या तीन मणक्यांचं फ्रॅक्चर, व्हर्टिब्रल आर्टरीच्या (मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी) छिद्रातून गेलेली रेघ, किंवा सीटीने समजावता न येणारी लक्षणं असतील तर डोक्याची आणि मानेची सीटी अँजिओग्राफी त्याच बसणीत करा. व्हर्टिब्रल आर्टरी आतून फाटली तर मेड्युला आणि सेरेबेलमचा इन्फार्क्ट (रक्त न पोहोचल्याने मेलेला भाग) काही तासांनी, कधी काही दिवसांनी उमटतो. पहिल्या सीटीवर तो नसतोच. सॅजिटलवर बेसिऑन (फोरामेन मॅग्नमची पुढची कड) ते डेन्सचं (दुसऱ्या मणक्याचा सुळका) अंतर मोजायची सवय ठेवा. मोठ्या माणसात सीटीवर ८.५ मिलिमीटरच्या वर गेलं तर कवटी आणि मणका एकमेकांपासून सुटल्याचा संशय घ्या. क्लायव्हसच्या मागे रक्ताचा पातळ थर दिसला तरीही तेच.

एमआरआयला कुणाला, कधी, कसं न्यायचं

ॲक्झोनल इजेतले बहुतेक डाग रक्ताविना असतात. ते सीटीला दिसत नाहीत, एमआरआयला दिसतात. म्हणून सीटीवरून बेशुद्धीचा उलगडा होत नसेल आणि पेशंट स्थिर असेल तर एमआरआय.

"स्थिर" या शब्दावर मी अडून बसते. बीपी टिकत नसेल, पोटात रक्तस्राव सुरू असेल, किंवा सीटीवर उघडण्याजोगा हिमॅटोमा (साठलेल्या रक्ताची गाठ) असेल तर एमआरआय थांबेल. ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या २०१६च्या सूचनांनुसार १५ ते ४९ वयात सिस्टोलिक बीपी किमान ११० ठेवायचं. मशिनच्या खोलीत ते ९०वर आलं तर दुय्यम इजा आपणच केली. शिवाय आयसीयूत ३० अंश वर ठेवलेलं डोकं एमआरआयसाठी सपाट करावं लागतं आणि त्याने कवटीतला दाब वाढतो. ज्याचा दाब आधीच काठावर आहे त्याला अर्धा तास सपाट झोपवण्याआधी न्यूरोसर्जन आणि ॲनेस्थेटिस्ट दोघांनी हो म्हणायला हवं. जमलं तर पहिल्या दोन-तीन दिवसांत, नाही जमलं तर पहिल्या आठवड्यात. आठवडा उलटल्यावर डीडब्ल्यूआयवरची (ताजी इजा दाखवणारी एमआरआयची प्रतिमा) चमक ओसरू लागते आणि वाचणं अवघड होतं.

खोलीत काय जातंय ते एकाच माणसाने तपासायचं, आणि तो माणूस आधी ठरलेला हवा. मुंबईत जानेवारी २०१८ मध्ये ऑक्सिजनचा लोखंडी सिलिंडर एमआरआयच्या खोलीत गेला आणि एका तरुण नातेवाइकाचा जीव गेला. अपघाताच्या पेशंटमध्ये आणखी धोके असतात: मांडीला बाहेरून लावलेला फिक्सेटर, धातूची कडी असलेला कॉलर, काही जातींचे आयसीपी (कवटीतला दाब) मॉनिटर, ईसीजीचे साधे इलेक्ट्रोड. गळ्यातला ताईत, करदोटा, पायातली जोडवी नातेवाइकांना विचारून काढा. बेशुद्ध माणूस सांगणार नाही. व्हेंटिलेटर एमआरआयसाठी मान्य असलेलाच. आमच्यासारख्या गावांत तो नसतो तेव्हा पेशंटला पुण्याला पाठवणं हाच सुरक्षित मार्ग. अँबू बॅगवर (हाताने दाबायची श्वासाची पिशवी) अर्धा तास काढायचा हट्ट मी कधी मान्य करत नाही. अँबूवर कार्बन डायऑक्साइड कधी वर जातो, कधी खाली, आणि मेंदूला दोन्ही नको असतं.

कोणते सिक्वेन्स, कोणत्या क्रमाने

सिक्वेन्सचा (एमआरआयच्या वेगवेगळ्या प्रतिमा-प्रकारांचा) क्रम असा लावा की मध्येच पेशंट बाहेर काढावा लागला तरी महत्त्वाचं हातात असेल. माझा क्रम: डीडब्ल्यूआय आणि एडीसी आधी, मग एसडब्ल्यूआय, मग ॲक्सियल फ्लेअर, मग सॅजिटल टी२. वेळ उरला तर कोरोनल फ्लेअर आणि टी१. ब्रेनस्टेममधून काप तीन मिलिमीटरचे, मधली फट अगदी कमी. मशिन नीट चालत असेल तर एवढं पंधरा-वीस मिनिटांत होतं. एसडब्ल्यूआय नसेल तर जुना ग्रेडियंट इको घ्या, पण त्यात लहान रक्तठिपके सुटतात हे रिपोर्टमध्ये लिहा. डीटीआय (चेतातंतूंचे मार्ग दाखवणारा प्रकार) संशोधनात छान. रात्री बेशुद्ध पेशंटवर त्यासाठी मिनिटं घालवू नका.

डीडब्ल्यूआयवर चमकदार आणि एडीसीवर काळा डाग म्हणजे ताजी इजा. फ्लेअरवर सूज दिसते, ती पहिल्या काही दिवसांत वाढत जाते. एसडब्ल्यूआयवर काळे ठिपके म्हणजे रक्त, आणि ते अनेक वर्षं टिकतात, म्हणून जुन्या अपघाताचे ठिपके आजच्या खात्यावर मांडू नका. ताज्या इजेच्या ठिपक्याभोवती बहुधा फ्लेअरवर सूज असते, जुन्याभोवती नसते.

डाग सापडला की तीन प्रश्न: कोणत्या पातळीवर, पुढे की मागे, एका बाजूला की दोन्ही. फिर्शिंग आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये बेशुद्ध रुग्णांच्या एमआरआयवरून याच प्रश्नांवर आधारलेल्या चार ग्रेड मांडल्या: पहिलीत ब्रेनस्टेम सुटलेला, दुसरीत एका बाजूची इजा, तिसरीत मिडब्रेन दोन्ही बाजूंनी, चौथीत पॉन्स दोन्ही बाजूंनी. जसजशी ग्रेड वाढते तसतशी आशा कमी होते. तरीही मी रिपोर्टमध्ये डागाची जागा लिहिते, भविष्य लिहीत नाही.

फसवणारी चित्रं

सबस्टॅन्शिया नायग्रा आणि रेड न्यूक्लियस यांत लोह असतं, त्यामुळे एसडब्ल्यूआयवर ते मुळातच काळे. दोन्ही बाजूंना सारखे असतात, त्यावरून ओळखा. मिडब्रेनच्या कडेने जाणारी शीर एका कापात ठिपक्यासारखी दिसते. वरखाली सरकवून बघितलं की ती नळीसारखी लांबत जाते. मेड्युला आणि पेट्रसजवळ हवा-हाडाच्या सीमेवरचा काळा डाग हे रक्त नसून प्रतिमेचा दोष असतो. पन्नाशीच्या पुढच्या रक्तदाबाच्या पेशंटमध्ये पॉन्सच्या मध्यभागी आधीपासूनच ठिपके असू शकतात. बेसल गँग्लियातही (मेंदूतली खोल केंद्रं) तसेच दिसले तर जुना बीपी समजा.

फ्लेअरवर बेसल सिस्टर्न पांढरे दिसले तर रक्त म्हणण्याआधी व्हेंटिलेटरकडे बघा. शंभर टक्के ऑक्सिजनवर असलेल्या पेशंटमध्ये सिस्टर्नमधलं पाणी फ्लेअरवर उजळतं. पॉन्सच्या पुढे पाण्याच्या हेलकाव्यानेही तसंच होतं. सीटीवर तिथे काही नाही आणि एसडब्ल्यूआयही स्वच्छ, तर ते रक्त नाही.

मांडीचं हाड मोडलेला तरुण, आल्यावर बोलत होता, दुसऱ्या दिवशी बेशुद्ध झाला: फॅट एम्बोलिझम (हाडातली चरबी रक्तातून मेंदूत जाणं) आठवा. डीडब्ल्यूआयवर सगळीकडे विखुरलेले बारीक चमकदार ठिपके असतात आणि एसडब्ल्यूआयवर असंख्य काळे. ॲक्झोनल इजेत पेशंट बहुधा पहिल्या क्षणापासून बेशुद्ध असतो. म्हणून "आल्यावर बोलत होता का?" हा प्रश्न १०८च्या डॉक्टरला विचारायलाच हवा. दोन्ही बाजूंच्या बेसल गँग्लिया आणि कॉर्टेक्समध्ये सारखीच चमक असेल तर प्राणवायू कमी पडल्याची इजा.

रिपोर्ट कसा लिहायचा

पहिल्या ओळीत उत्तर, वर्णन नंतर. माझ्या रिपोर्टचा नमुना साधारण असा असतो:

"मिडब्रेनच्या उजव्या मागच्या-बाहेरच्या भागात ६ मिलिमीटरचा ताजा डाग, आत रक्ताचे ठिपके. कॉर्पस कॅलोझमच्या मागच्या टोकात आणखी एक. पॉन्स आणि मेड्युला स्वच्छ. बेसल सिस्टर्न उघडे, मध्यरेषा जागेवर. चित्र धक्क्याच्या वेळच्या ग्रेड तीन ॲक्झोनल इजेशी जुळतं. दाबामुळे झालेल्या इजेच्या खुणा आज नाहीत. स्कॅन अपघातानंतर अंदाजे ४० तासांनी."

वेळ लिहिणं मी सक्तीचं मानते. तिच्याशिवाय पुढचा रेडिओलॉजिस्ट तुलना करू शकत नाही. सिस्टर्न दबलेले असतील तर आधी फोन करायचा, मग टाइप करायचं, आणि कुणाशी किती वाजता बोललो तेही रिपोर्टमध्ये.

ब्रेनस्टेमच्या इजेचा एमआरआय आणि ब्रेनस्टेम डेथ या गोष्टींची गल्लत कॅज्युअल्टीत सर्रास होते. आपल्याकडे १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली ब्रेनस्टेम डेथ ठरते ती बिछान्याजवळच्या तपासण्यांवरून. चार डॉक्टरांचं मंडळ, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा. एमआरआयवर मोठा डाग आहे एवढ्यावरून कुणालाही मृत ठरवता येत नाही, आणि रिपोर्टमधल्या एखाद्या ढिल्या वाक्यावरून कुणी तसं समजू नये याची काळजी लिहिणाऱ्यानेच घ्यायची.

नातेवाईक रेडिओलॉजिस्टला गाठतातच. "मॅडम, डोक्यात काय दिसलं?" त्यांना मी जागा सांगते: मेंदूच्या खालच्या देठासारख्या भागाला मार लागलाय, जागं राहण्याचं काम तिथून चालतं, म्हणून तो डोळे उघडत नाही. शुद्धीवर कधी येईल याचं उत्तर स्कॅनमध्ये नसतं; ते आयसीयूतले डॉक्टर रोजच्या तपासणीवरून सांगतील. "काही नाही दिसलं" असं मात्र कधीच म्हणू नका. सीटी स्वच्छ आहे हे ऐकून घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि पाच दिवसांनी पेशंट तसाच असला की त्यांना कुणीतरी फसवल्यासारखं वाटतं.

पेशंट पुण्याला किंवा कोल्हापूरला जाणार असेल तर फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवू नका. फोटोत विंडो बदलता येत नाही, आणि ब्रेनस्टेमचा सगळा तपास विंडोवर चालतो. पातळ कापांसह संपूर्ण डायकॉम (स्कॅनच्या मूळ फाइलचा) डेटा सीडीवर किंवा लिंकने द्या, सीडी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, पहिला आणि नंतरचा असे दोन्ही सीटी त्यात आहेत ना ते तपासा. सोबतच्या कागदावर अपघाताची वेळ, प्रत्येक स्कॅनची वेळ, नळीआधीचा जीसीएस आणि बाहुल्यांची नोंद लिहा. तो कागद ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरच्या हातात द्या. नातेवाइकांच्या पिशवीत टाकला तर तो संध्याकाळपर्यंत सापडत नाही.